पाटी जाते, मजकूर उरतो : 'फोटोरेक'चे एक परीक्षण

पुस्तकाचे परीक्षण करताना आपण दोन प्रश्न विचारतो. लेखकाने काय करायचे ठरवले होते, आणि ते त्याला कितपत साधले? हेच दोन प्रश्न संगणकाच्या आज्ञावलीलाही विचारता येतात. शाळेचा कारभार संगणकावर किती गेला आहे हे पाहिले, तर ते विचारायलाच हवेत. गुणतक्ते, सहामाहीच्या प्रश्नपत्रिका, विज्ञान प्रदर्शनाचे फोटो हे सारे आता कपाटापेक्षा पेन ड्राइव्हमध्येच अधिक सापडते. २०१५ साली महाराष्ट्रात 'सरल' ही प्रणाली आली, तेव्हापासून विद्यार्थ्यांची माहिती संगणकात भरणे हे शिक्षकाचे रोजचे कामच होऊन बसले. अशी एखादी फाईल चुकून पुसली गेली की पहिला उद्गार निघतो, "गेले सगळे!" आणि दुसरा प्रश्न येतो, "परत आणायला पैसे किती पडतील?"

पहिला उद्गार बहुतेक वेळा चुकीचा असतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा 'काहीच नाही' असे देता येते. हे उत्तर ज्या आज्ञावलींमुळे देता येते, त्यांपैकी 'टेस्टडिस्क' आणि 'फोटोरेक' या जोडीचा येथे विचार करू. ख्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने त्या लिहिल्या. टेस्टडिस्कचे काम १९९८ च्या सुमारास सुरू झाले; फोटोरेक त्यानंतर काही वर्षांनी आली. दोन्ही एकत्रच मिळतात आणि विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्हींवर चालतात. त्या फुकट आहेत, आणि शिवाय मुक्तही आहेत. या दोन शब्दांत फरक आहे. फुकट आज्ञावली वापरायला पैसे पडत नाहीत, पण ती आतून कशी चालते हे तिचा मालक सांगेलच असे नाही. मुक्त आज्ञावलीची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते, बदललेली प्रत दुसऱ्याला देता येते. तसा परवानाच तिच्यासोबत असतो. हा फरक आम्ही आताच का सांगत आहोत, ते पुढे कळेल.

पुसणे म्हणजे काय?

ठाण्याच्या कापूरबावडीहून भिवंडीकडे निघाले की कशेळीच्या पुलाआधी बाळकुम लागते. एकेकाळचे हे गाव आता उंच इमारतींनी वेढले आहे. अशा कोणत्याही इमारतीच्या तळमजल्यावर रहिवाशांच्या नावांचा फलक असतो : कोणत्या मजल्यावर, कोणत्या घरात, कोण. समजा, कोणी तो फलक काढून नेला. पोस्टमन गोंधळेल, पाहुणे परत जातील. पण वरची माणसे बेघर होणार नाहीत. ती आपापल्या घरात असतीलच.

संगणकाची साठवण अशीच असते. डिस्कचा किंवा पेन ड्राइव्हचा थोडा भाग फलकासारखा राखून ठेवलेला असतो. कोणत्या नावाची फाईल कोठे सुरू होते आणि पुढे कोणकोणत्या कप्प्यांत आहे, ही नोंद त्या भागात असते. मजकूर वेगळ्या जागी असतो. आपण 'डिलीट' म्हणतो तेव्हा संगणक मजकुराला सहसा हातही लावत नाही. तो फक्त फलकावर खूण करतो. पेन ड्राइव्हवर आढळणाऱ्या 'फॅट' या जुन्या पद्धतीत नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी २२९ हा आकडा लिहिला जातो आणि त्या फाईलचे कप्पे 'रिकामे' म्हणून नोंदले जातात. झटपट 'फॉरमॅट' केले, तर सबंध फलकच कोरा होतो. दोन्ही वेळा घरे जागच्या जागी असतात. धोका पुढे असतो. रिकाम्या म्हणून नोंदलेल्या घरात नवा भाडेकरू आला की जुना खरोखरच जातो, म्हणजे त्या कप्प्यावर नवा मजकूर लिहिला गेला की जुना कोणत्याही आज्ञावलीला परत आणता येत नाही.

म्हणून पहिला नियम : फाईल गेली असे कळताच त्या पेन ड्राइव्हवर वा कार्डावर काहीही लिहायचे नाही. परत मिळवलेल्या फाईलीसुद्धा त्याच्यावर ठेवायच्या नाहीत, दुसऱ्या डिस्कवर ठेवायच्या.

पुसलेले परत आणण्याची कल्पना नवी नाही. पीटर नॉर्टन यांच्या १९८२ सालच्या आज्ञावलीसंचात ही सोय होती. १९९१ च्या एमएस-डॉस ५ मध्ये 'अनडिलीट' ही आज्ञा आली, आणि त्या काळात संगणक हाताळलेल्या वाचकांना ती आठवत असेल. ती फलकावरच्या खुणा वाचून काम करी आणि नावाचे पहिले अक्षर आपल्यालाच विचारी. ते अक्षर का विचारले जाई, हे वर सांगितलेल्या २२९ या आकड्यावरून लक्षात येईल.

दार ठोठावत जाणारी आज्ञावली

टेस्टडिस्क फलकाची दुरुस्ती करते. फलकावर पुसट का होईना पण काही उरले असेल, तर ती फाईल नावानिशी परत देते. फोटोरेक फलकाकडे बघतच नाही. ती पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत एकेक दार ठोठावत जाते आणि आत कोण आहे ते चेहऱ्यावरून ओळखते.

फाईलीला चेहरा असतो म्हणजे काय? बहुतेक प्रकारच्या फाईलींची सुरुवात ठरलेल्या खुणेने होते. कॅमेऱ्यातला 'जेपेग' फोटो २५५, २१६, २५५ या तीन आकड्यांनी सुरू होतो. पीडीएफ फाईलीच्या आरंभी टक्क्याचे चिन्ह आणि 'पीडीएफ' ही रोमन अक्षरे असतात. अशा खुणांवरून फोटोरेक ४८० हून अधिक प्रकारच्या फाईली ओळखते. फाईल कोठे संपते, हेही ती शक्य तेथे आतल्या रचनेवरूनच ताडते. तपासणी करताना ती मूळ डिस्कवर काहीही लिहीत नाही, फक्त वाचते. ही शिस्त आम्हाला फार महत्त्वाची वाटते. घाबरलेल्या माणसाच्या हाती दिलेल्या साधनाने निदान आणखी नुकसान तरी करू नये.

बाळकुममधल्या एका शाळेत आम्ही ही जोडी वापरून पाहिली. विज्ञान प्रदर्शनाचे फोटो असलेले कॅमेऱ्याचे कार्ड कोणाच्या तरी हातून फॉरमॅट झाले होते, आणि एका पेन ड्राइव्हवरचे गुणतक्ते पुसले गेले होते. सुदैवाने दोन्हींवर नंतर काही लिहिलेले नव्हते. कार्डातले फोटो फोटोरेकने बिनतक्रार परत दिले आणि खोलीत आनंदीआनंद झाला. गुणतक्तेही आले. पण ते कसे आले हे पाहिल्यावर बाईंचा चेहरा पुन्हा उतरला.

तीन उणिवा

फोटोरेक परत दिलेल्या फाईली एका पाठोपाठ एक अशा फोल्डरांत टाकते, एकेकात पाचशेपर्यंत. प्रत्येक फाईलीचे नाव म्हणजे 'एफ' हे अक्षर आणि एक लांबलचक आकडा. तो आकडा अर्थहीन नसतो. ती फाईल डिस्कवर ज्या जागी सापडली, त्या जागेचा तो क्रमांक असतो. पण 'आठवी ब, द्वितीय सत्र' शोधणाऱ्या शिक्षिकेला त्याचा काय उपयोग? वर्षानुवर्षे वापरलेल्या पेन ड्राइव्हमधून कधीकाळी मुद्दाम पुसलेल्या फाईलीही उठून येतात. एकाच तक्त्याच्या चार प्रती सापडतात आणि त्यांतली शेवटची कोणती ते कळत नाही. ही पहिली उणीव. हा आज्ञावलीचा दोष मानावा का? आमच्या मते नाही. जो फलक वाचायचाच नाही असे तिने ठरवले आहे, त्यावरची नावे ती कोठून आणणार? पण म्हणूनच आधी टेस्टडिस्कने प्रयत्न करावा आणि ती हरली तरच फोटोरेककडे वळावे, हा क्रम ठसठशीतपणे सांगायला हवा. पुष्कळ जण थेट फोटोरेक चालवतात आणि वाचू शकली असती ती नावे हकनाक गमावतात.

दुसरी उणीव पडद्याची. या जोडीचा मूळ अवतार काळ्या पडद्यावर चालतो. माउस नाही, बाणांच्या कळांनी पर्याय निवडायचे, सूचना इंग्रजीत. फोटोरेकला खिडकीचे रूप मिळाले आहे, ते पुष्कळ सोपे आहे. टेस्टडिस्क मात्र अजून काळ्या पडद्यावरच राहिली आहे, आणि नेमकी तीच जपून वापरण्याची. फोटोरेक डिस्कवर लिहीत नाही. टेस्टडिस्क मात्र आपण सांगितले तर फलक नव्याने लिहिते. 'राइट' या पर्यायावर न समजता बोट पडले, तर दुरुस्तीऐवजी बिघाड पदरात पडू शकतो. तिथे एका सोप्या, मराठी सूचनेची फार गरज आहे. परवाना मुक्त असल्याने ती घालायला कोणाची मनाई नाही. महाविद्यालयातले संगणकाचे विद्यार्थी प्रकल्प शोधत असतात. त्यांनी हे मनावर घ्यावे.

तिसरी उणीव तिच्या पद्धतीतच आहे. एखादे मोठे कुटुंब तिसऱ्या आणि नवव्या मजल्यावरच्या दोन घरांत विभागून राहत असेल, तर फलकाशिवाय त्यांचे नाते कसे कळावे? भरत आलेल्या डिस्कवर मोठ्या फाईलींचे असेच तुकडे होतात. सलग असलेली फाईल फोटोरेक उत्तम परत देते, विखुरलेली बहुधा अर्धवट. लहान फोटो सुखरूप येतात आणि स्नेहसंमेलनाची लांब चित्रफीत मध्येच तुटते, त्याचे एक कारण हे.

याखेरीज काही ठिकाणी तिचा इलाजच चालत नाही. नव्या संगणकांतल्या एसएसडी प्रकारच्या डिस्कला, कोणते कप्पे रिकामे झाले ते संगणक लगेच कळवतो आणि ती डिस्क सवडीने ते खरोखरच मोकळे करून टाकते. तेथे काही उरतच नाही. नव्या मोबाइल फोनची अंतर्गत साठवण कूटबद्ध असते; दार उघडले तरी आतला चेहरा ओळखू येत नाही. आणि डिस्कच शरीराने बिघडली असेल, तर ज्ञानाचा उपयोग मर्यादित. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि ठाणे जिल्ह्यातही पाणी घरात, दुकानांत शिरले. अशा पाण्यात बुडालेली चकती सुरू करून पाहणे हेच घातक असते. डिस्क सुरू होते पण अधूनमधून अडखळते, अशी स्थिती असेल तर आधी 'डीडीरेस्क्यू' या दुसऱ्या मुक्त आज्ञावलीने तिची शक्य तेवढी प्रत काढावी. ती प्रथम सुस्थितीतले भाग उचलते आणि दुखऱ्या भागांकडे नंतर वळते. मग पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करावेत, आजारी डिस्कवर नाही.

आत लिहिलेले आणि बाहेर लिहिलेले

या साऱ्यातून आम्हाला जो धडा दिसला तो आज्ञावलीपेक्षा मोठा आहे. शाळेत परत आलेल्या फोटोंची नावे गेली होती, पण तारखा शाबूत होत्या. असे का? कॅमेरा फोटो काढल्याची तारीख आणि वेळ फोटोच्या पोटातच लिहून ठेवतो. गुणतक्त्यांतही हाच भेद दिसला. ज्या शिक्षकांनी तक्त्याच्या पहिल्या ओळीत शाळा, इयत्ता, तुकडी, विषय आणि वर्ष लिहिले होते, त्यांचे तक्ते उघडताच ओळखू आले. ज्यांनी ही माहिती केवळ फाईलीच्या नावात ठेवली होती, त्यांच्या हाती नुसते आकडे उरले. जे फाईलीच्या आत लिहिलेले असते ते फाईलीबरोबर तरते. जे बाहेरच्या पाटीवर असते ते पाटीबरोबर जाते.

मराठी वाचकांना याच धड्याचा एक जुना आणि कडू अनुभव आहे. त्या शाळेतल्या एका जुन्या डिस्कवरून काही प्रश्नपत्रिका परत आल्या. फाईली पूर्ण होत्या, एकही कप्पा हरवला नव्हता. तरी पडद्यावर दिसली ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. फाईल बिघडली, असे सगळ्यांना वाटले. ती बिघडली नव्हती. १९९० च्या दशकात मराठी टंकलेखनासाठी श्रीलिपी, आकृती, शिवाजी असे अनेक टंक वापरात होते. यांतल्या बहुतेकांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत आणि कोणत्या जागी कोणता आकार, हे ज्याचे त्याचे वेगळे. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमनच. तो मराठी आहे हे फक्त त्या टंकाला ठाऊक, आणि टंक फाईलीच्या बाहेर! टंक गेला की मजकूर असून नसल्यासारखा. फोटोरेक येथे निरुपाय होते. तिने आपले काम चोख केलेले असते. टंकाचा आराखडा ज्यांनी उलगडला, अशा रूपांतराच्या आज्ञावलींनीच पुढचे काम होते, आणि त्यांतही जोडाक्षरे व रफार हाताने तपासावे लागतात.

युनिकोडने ही गाठ सोडवली. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती आली, तिच्यात देवनागरीला स्वतःची जागा होती. विंडोज २००० मध्ये मराठीची सोय झाली, आणि र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' हा टंक घरोघर पोचला. आता 'बाळकुम' हा शब्द साध्या मजकुराच्या फाईलीत यूटीएफ-८ पद्धतीने कसा साठवला जातो ते पाहा :

ब : २२४ १६४ १७२
काना : २२४ १६४ १९०
ळ : २२४ १६४ १७९
क : २२४ १६४ १४९
उकार : २२४ १६५ १२९
म : २२४ १६४ १७४

प्रत्येक चिन्हाला तीन आकडे. त्यांतला पहिला नेहमी २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५. म्हणजे साध्या मजकुराच्या फाईलीला आरंभीची खूण नसली, तरी देवनागरी मजकूर दर तिसऱ्या आकड्याला आपली ओळख सांगत जातो. डिस्कवरच्या निनावी आकड्यांच्या ढिगातही तो हुडकता येतो. ओळख आत असल्याचा याहून चांगला नमुना कोणता?

मुक्त आणि फुकट यांतला फरक येथे उपयोगी पडतो. ज्या फाईलीची रचना जाहीर आहे, ती वाचायची किल्ली कोणा एकाच्या खिशात नसते. फोटोरेक इतके प्रकार ओळखू शकते ते अशा रचना जाहीर असल्यामुळे किंवा कोणी कष्टाने उलगडल्यामुळे. आणि फोटोरेकची स्वतःची संहिता खुली असल्याने उद्या ग्रेनिए यांनी काम थांबवले तरी ते दुसऱ्याला पुढे नेता येईल.

नाण्याची दुसरी बाजू

जे आपल्याला परत मिळते ते दुसऱ्यालाही मिळते. सिम्सन गार्फिंकल आणि अभी शेलट या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी जुन्या बाजारातून १५८ डिस्क विकत घेतल्या. त्यांतल्या १२९ चालू होत्या आणि त्यांपैकी नीट साफ केलेल्या होत्या फक्त १२. बाकीच्यांवर लोकांची पत्रे आणि क्रेडिट कार्डांचे क्रमांकही सापडले. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. आपल्या शाळेचा जुना संगणक भंगारात जातो तेव्हा त्याच्यावर काय असते? मुलांचे पत्ते, पालकांचे फोन क्रमांक, जातीच्या दाखल्यांच्या प्रती, आधार क्रमांक. फॉरमॅट केले म्हणजे काम झाले, असे समजून तो दिला जातो. फोटोरेक कोणालाही फुकट मिळते. म्हणून चकतीची डिस्क देण्याआधी तिच्यावर सर्वत्र शून्ये लिहून ती भरून टाकावी. एसएसडी असेल तर तिच्या उत्पादकाने दिलेली पुसण्याची सोय वापरावी. नाहीतर डिस्क काढून घेऊन निकामी करावी.

वर्गात करून पाहा

हे सारे मुलांना सांगण्यापेक्षा दाखवावे. एक जुना, कमी क्षमतेचा पेन ड्राइव्ह घ्या आणि त्यावर महत्त्वाचे काही नाही याची खात्री करा. त्यावर दहा फोटो व दोन पीडीएफ ठेवा. मग सर्व पुसा आणि फोटोरेकने परत मिळवा. मिळालेल्या फाईली संगणकाच्या डिस्कवर ठेवा. काय आले, काय गेले याची दोन रकान्यांत नोंद करायला सांगा : नाव, फोल्डर, तारीख, मजकूर. नंतर त्याच पेन ड्राइव्हवर मोठ्या चित्रफिती ठेवून तो काठोकाठ भरा, त्याही पुसा, आणि पुन्हा शोध घ्या. आता ते दहा फोटो सापडतात का? दोन प्रयोगांत फरक का पडला, याचे उत्तर मुलांनाच शोधू द्या. पुसणे आणि नष्ट होणे यांतला भेद व्याख्येपेक्षा असा लवकर कळतो.

राहता राहिला निकाल. जे करीन म्हटले ते फोटोरेक प्रामाणिकपणे करते, मूळ डिस्कला धक्का लावत नाही, पैसे मागत नाही आणि आपले अंतरंग लपवत नाही. प्रत्येक शाळेच्या संगणकप्रमुखाकडे ती असावी, आणि वेळ येण्याआधी त्यांनी ती एकदा हाताळलेली असावी. पण तिच्या भरवशावर निष्काळजी राहू नये. महत्त्वाच्या फाईलीच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवाव्यात. मराठी मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. आणि गुणतक्ता उघडताच पहिल्या ओळीत शाळा, इयत्ता, तुकडी, विषय, वर्ष व तारीख लिहावी. उत्तरपत्रिकेवर नाव घालायला आपण मुलांना दरवेळी बजावतो. आपल्या फाईलींनाही तोच नियम लावायला काय हरकत आहे?